गडग्याबाहेरची खाला

माझ्या खालाने उभ्या आयुष्यात कब्रस्तानात पाऊल टाकलं नाही, आणि तरी तिथली कबर न कबर लोकांना तिनेच दाखवली. आमच्याकडे बायका आत जात नाहीत, जांभ्याच्या गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, उभ्या राहतात. या प्रथेवर मी एक पत्रक काढलेलं आहे. खालाने पत्रक काढलं नाही, भांडणही केलं नाही. तिने गडग्यावरचा एक सपाट चिरा निवडला, त्यावर बसली आणि खालूंना, म्हणजे आपल्या नवऱ्याला, आत सोडलं. "उजवीकडं. अजून थोडं. अवो, तितं नको, पाय काढा, माणूस हाय खाली!" खालूंचा जन्म जहाजावर खलाशी म्हणून गेलेला, हुकमाने चालायची त्यांना सवय होती. ते पुढे, त्यांच्यामागे पाहुणे. कधी डर्बनचे, कधी दुबईचे, कधी मुंब्र्याचे. "हां, तितंच. आता बसा," असं खाला म्हणाली की पाहुणे दोन चिऱ्यांपाशी मटकन बसायचे आणि ज्याला कधी पाहिलं नाही अशा पणजोबासाठी ढसाढसा रडायचे.

ती माझी सख्खी खाला. आईची थोरली बहीण. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण नंतर कोणी विश्वास ठेवत नाही. आई-बाबा कुवेतला असल्यामुळे मी लहानपणापासून तिच्याच घरी वाढले. पूर्णगडजवळच्या आमच्या गावात तिला "माझी खाला" म्हणायचा हक्क माझा एकटीचा होता. मग मोबाइल आले आणि माझ्या हक्काची वाट लागली. अंजनवेलपासून राजापूरपर्यंत गावोगावची काही माणसं मोबाइलवरच्या एका गटात जमली. कोणी मास्तर, कोणी निवृत्त पोस्टमन. परदेशातून कोणी विचारलं की आमचा पूर्वज कुठे पुरलाय, तर ही मंडळी पदरमोड करून शोध घ्यायची. आमचा किनारा खालाकडे. वर्ष-दोन वर्षांत जगातला जो तो तिला खाला म्हणू लागला. डर्बनचे एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ वयाने तिच्याहून मोठे होते, तेही "खाला, खाला" करत तिच्यामागे स्वयंपाकघरात जायचे. त्यांना माशाचा मधला तुकडा. मला शेपटी.

लोक येताना कागद आणायचे. जहाजाच्या कचेरीतला उतारा, ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदीची नक्कल, जमातीच्या निकाहनाम्याचा फोटो. खाला तो कागद मान देऊन हातात घ्यायची आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवायची. "कागदात सगळे बापये," ती म्हणायची. "अमक्याचा मुलगा तमका. आणि त्याला जन्म काय त्या कागदानं दिलान?" मग तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: तुझ्या दादीच्या घरी ईदला काय करायचे? डर्बनवाल्यांना तिने हेच विचारलं. ते म्हणाले, सांदणं. "कशाबरोबर?" नारळाच्या रसाबरोबर. "रसात वेलची का जायफळ?" गृहस्थांनी डर्बनला बहिणीला फोन लावला. बहीण म्हणाली, जायफळ. खालाने मांडीवर थाप मारली. "मग तुमी खाडीच्या ह्या अंगाचे." लगेच तिने गावच्या दोन-तीन म्हाताऱ्यांना फोन केले. त्यांच्या गप्पांतून एक नवरी निघाली, नवरीवरून घर निघालं, आणि घरावरून कबर.

"हे संशोधन नाही," मी म्हटलं. "या नुसत्या गप्पा आहेत."

"तर काय तुज्यासारखं कोर्ट भरवू?" खाला म्हणाली.

मला ती पत्रकवाली म्हणायची. "गो पत्रकवाली, जेवलंस काय?" यात प्रेम होतं हे मला कळत होतं, आणि टोमणा होता हेही कळत होतं. कारण तेव्हा माझं आंदोलन सुरू झालं होतं. किनाऱ्याचा रस्ता रुंद होणार होता आणि मोजणीत कब्रस्तानाचा जुना अर्धा भाग गेला होता. जुन्या भागात नावाच्या पाट्या नाहीत. डोक्याशी एक चिरा, पायाशी एक चिरा, मध्ये गवत. आमची सगळी जुनी माणसं तिथे. रस्ता करा, पण वळण पलीकडच्या पडीक जागेतून काढा, एवढंच आमचं म्हणणं होतं. मी पत्रक लिहिलं: मेलेल्यांना मत नसतं म्हणून त्यांच्यावरून रस्ता न्यायचा काय? गावाने ते वाचलं. भाषा जोरदार आहे, म्हणाले. सहीला मात्र कोणी येईना. मी मशिदीबाहेर उभी राहून घसा फोडून बोलायची आणि लोक चपला शोधायचे. घरी यावं तर खालाच्या पडवीत परका माणूस डोळे पुसत बसलेला. मला वाटायचं, यातले चार अश्रू माझ्या सभेला दिले असते तर काय बिघडलं असतं?

तेवढ्यात नोटीस लागली. जुन्या भागात ज्यांचे पूर्वज आहेत त्यांनी ग्रामपंचायतीत येऊन अधिकाऱ्यांपुढे हरकत सांगावी. वारस कोणाकडे होते? खालाकडे. मी मान खाली घालून तिच्यापाशी गेले. तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "घे. सगळी आपलीच पोरं हायत."

एकेकाला फोन करून कोणाची कबर कुठली हे मी नकाशावर मांडायला लागले, आणि घोटाळा उघड झाला. चाफ्याखालची कबर खालाने मुंब्र्याच्या एका रिक्षावाल्याला त्याच्या पणजोबाची म्हणून दाखवली होती. तीच कबर तिने लांज्याच्या एका म्हाताऱ्या काजूवाल्यालाही त्याच्या आजोबाची म्हणून दाखवली होती. मी संतापले. खरं सांगायचं तर आधी मला आनंद झाला, आणि मग मी संतापले.

"खाला, हे खोटं आहे."

ती मासे साफ करत होती. "काय खोटं?"

"चाफ्याखाली एक माणूस आहे. तू तो दोघांना दिलास."

"मग? त्याला तक्रार हाय?"

"त्यातला खरा कोणाचा?"

"मना काय म्हायत?" ती शांतपणे म्हणाली. "आपल्या गावचा हाय, एवढं म्हायत. ती दोगं पण आपल्याच गावची. माणूस इतक्या लांबून येतो, गो. त्याला सांगू, जा बाबा, सापडत नाय? फातिहाची दुवा काय पत्ता विचारून पोचते?"

"अधिकारी विचारतील. आपण तोंडावर पडू. यातल्या एकाला येऊ नको म्हणून सांग."

"तू सांग," खाला म्हणाली आणि पापलेट पालथं केलं. "कुणाचा आजोबा काढून घ्यायचा ते तू ठरव."

मी दोघांनाही फोन लावला. दोघेही उचलल्या उचलल्या म्हणाले, "खाला बरी हाय ना?" मी बरी आहे म्हटलं आणि सुनावणीची तारीख सांगून फोन ठेवला.

सुनावणीला ग्रामपंचायतीचं सभागृह भरलं. माझ्या एकाही सभेला एवढी माणसं आली नव्हती. बायका खिडकीपाशी बसल्या, खाला त्यांच्यात. रस्ता हवा असणारेही आले होते, त्यात आमच्यातलेही होते, हे लिहायला मी कचरत नाही. अधिकारी जमिनीच्या तुकड्यांप्रमाणे विचारत गेले. मग ते म्हणाले, "हे झाड आहे, चाफ्याचं. त्याच्याखाली कोण?" दोन हात वर झाले. एक रिक्षावाल्याचा, एक काजूवाल्याचा. मागच्या बाकावर हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "अरे, वाटून घ्या!" मला वाटलं, संपलं. आंदोलन खालाने बुडवलं.

दोघं एकमेकांकडे वळले. काजूवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. "तुझा कोण रे तो?"

"पणजोबा. तुमचा?"

"आजोबा." म्हाताऱ्याने बोटांवर काहीतरी मोजलं. "मग तू माझा पुतण्या झालास की. इतके दिवस कुठे होतास?"

रिक्षावाला उठला, बाकांमधून वाट काढत गेला आणि भर सभागृहात म्हाताऱ्याच्या गळ्यात पडला. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं, घोटभर पाणी घेतलं, आणि एका कबरीच्या दोन हरकती लिहून घेतल्या. मला सत्य माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. त्या रात्री काका-पुतणे आमच्या पडवीत एका ताटात जेवले आणि खालाने माझ्याकडे बघून भुवई उडवली. "तुज्या पत्रकानं एक तरी नातं जुळवलान काय?" मी तिच्यावर इतकी कधीच जळले नव्हते. आणि ती मला इतकी कधी आवडलीही नव्हती, पण ते मी तिला सांगितलं नाही.

अहवाल आला तो आमच्याविरुद्ध. हरकतींची नोंद घेतली होती, पण शेवटी लिहिलं होतं की कब्रस्तानाचा जुना भाग बऱ्याच काळापासून वापरात नाही, सबब तिथले अवशेष सन्मानपूर्वक हलवता येतील. वापरात नाही! मी पेटून उठले. त्या एका वाक्यावर नवीन पत्रक लिहायला घेतलं आणि खालाला मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हा ती आजारी होती. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं, त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला होता. तिने डोळे मिटून ऐकलं. "भाषा जोरदार हाय," ती म्हणाली. मग मला पाणी आणायला पाठवलं, आणि खालूंना जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. मी आले तर दोघं गप्प. मला तेव्हाही राग आला. शेवटचं बोलणंसुद्धा माझ्याशी नाही.

ती गेली. मय्यत निघाली आणि आम्ही बायका गडग्याबाहेर थांबलो. नव्या भागात जागा मोकळी होती, पण पुरुष तिकडे वळलेच नाहीत. ते जुन्या भागात शिरले, थेट रस्त्याकडच्या टोकाला, जिथे मोजणीवाल्यांनी लाल खुंट्या ठोकल्या होत्या. खड्डा तिथे तयार होता. जमातीचे अध्यक्ष आदल्या दिवशी नको म्हणत होते म्हणे. खालूंनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला होता. संध्याकाळी मी त्यांना विचारलं, तिथे का? खालू उंबऱ्यावर बसले होते. "ती बोलली," ते म्हणाले, "वापरात नाय म्हणतात ना? मग मी वापरते."

मी माझं अर्धवट पत्रक मिटून ठेवलं. त्यात लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मोजणीवाले आले. ताज्या लाल मातीपाशी उभे राहिले, त्यातल्या एकाने टोपी काढली, आणि टेप न उघडताच ते परत गेले. आता पलीकडच्या पडीक जागेची मोजणी होणार, असं कानावर आहे. लेखी येईपर्यंत मी कोणावर विश्वास ठेवत नाही.

चाळिसाव्या दिवशी माणसं लोटली. लांज्याहून, मुंब्र्याहून, दुबईहून. पुरुष आत गेले. बाहेर गडग्यापाशी बायकांची इतकी दाटी की मला उभं राहायला जागा नव्हती. डर्बनच्या गृहस्थांची लेक आली होती, तिच्या मोडक्यातोडक्या कोकणीत "माजी खाला, माजी खाला" करत रडत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, जरा सरकता का.

"तुम्ही खालाच्या कोण?" तिने विचारलं.

"सख्खी भाची," मी म्हटलं. 'सख्खी'वर जोर दिला.

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे मायेने पाहिलं. "आमी पण," ती म्हणाली, आणि नव्याने आलेल्या पाहुणीला द्यावी तशी थोडी जागा करून दिली.