लेबलकाकांची नदी

कॅनडातल्या ग्वेल्फच्या ग्रोसरी दुकानात लेबलकाकांबरोबर जाणं म्हणजे अर्ध्या दिवसाची निश्चिंती. साधी बटाट्याची पिशवीही ते उलटी करायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि माल कुठल्या देशाचा ते वाचल्याशिवाय ट्रॉलीत टाकायचे नाहीत. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे आणि गाडी माझी, त्यामुळे दर शनिवारी हा सोहळा माझ्याच नशिबी. "काका, बटाटा तो बटाटा," मी वैतागून म्हणे. ते म्हणत, "खाताना बटाटो. मिळेनासो झालो की त्याचो देश आठवता."

हे खूळ लहानपणचं. काका पेडण्याकडचे, तेरेखोल नदीच्या काठचे. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा आणि नदीपलीकडचं आरोंदा भारतात. घरचे नारळ पलीकडे जायचे, पलीकडून कांदे आणि भाजी यायची. पोर्तुगीज हटेनात म्हणून भारताने नाकेबंदी केली आणि होडी थांबली. अंगणातल्या नारळांना कोंब फुटले. बाजारात बोटीने हॉलंडचे बटाटे आले, तेही परवडतील त्यांनाच. "चूक पोर्तुगिजांची, उपास आमचो," काका म्हणत. त्यात राग नसे, नुसता शीण असे.

त्यांची मावशी आरोंद्याला. जायला परवाना मिळेना. मग ठरल्या दिवशी आई लाल लुगडं नेसून काठावर उभी राहायची आणि समोरच्या काठावर मावशीही लाल लुगड्यात यायची. हाक पोचत नसे. लाल दिसलं की बहीण आहे एवढं कळायचं; आई म्हणायची, "आसा गो, माझी बाय आसा." मग घरी येऊन चूल पेटवायची.

अमेरिकेने कॅनडाच्या मालावर टॅरिफ लावले आणि अमेरिकन माल टाळायला सगळं ग्वेल्फ पिशव्या उलटून वाचू लागलं. मला वाटलं, काका खूश होतील. ते ट्रॉली सोडून बाहेर बाकावर जाऊन बसले. "तुझ्या कंपनीचो माल खंय जाता?" त्यांनी विचारलं. "सगळा अमेरिकेत," मी म्हटलं. 

वर्षभरात आमची उत्पादनाची लाइन बंद झाली. सीमेवरच्या नदीपलीकडे, अमेरिकेतल्या बफेलोच्या प्लँटमध्ये या, नाहीतर घरी बसा. मला जायचं नव्हतं. सामान बांधण्याचाही कंटाळा आला होता, आणि या देशात 'जेवलीस?' असं विचारणारा तेवढा एकच माणूस होता. पण पगार सोडणं परवडणारं नव्हतं.

काकांनी अमेरिकेची सीमा कधीच ओलांडली नव्हती. "मी कोणाकडे परवानो मागूचंय नाय," म्हणाले. "पूल पार केलंस की नदीवर ये. मी अलीकडे उभो रवतंय."

"काका, व्हिडिओ कॉल आहे की!"

तरी पूल पार करून मार्चच्या त्या गोठवणाऱ्या दुपारी मी काठावर गेले. पलीकडे काकांनी पांघरलेली, गेलेल्या काकूंची लाल शाल ओळखू आली. मी हात हलवत राहिले. वीस मिनिटांनी त्यांना तिथे घेऊन आलेल्या त्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, बाबा इज फ्रीझिंग, पण हलत नाहीयेत. म्हणतात, तू अजून आलीच नाहीस."

मी काळा कोट घालून आले होते.

धावत गाडीकडे गेले. डिकीत लाल म्हणावं असं एकच होतं, बर्फ शोव्हल करायचं प्लास्टिकचं फावडं. ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मी वेड्यासारखी उभी राहिले. लोक बघत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

फोनवर मुलगा म्हणाला, "ओके, बघितलं त्यांनी. 'आसा' म्हणाले. आता घरी चल म्हणतात."

काका दिवाळीच्या सुमारास गेले. मी अजून त्या नदीवर जाते. फावडं घेऊन जाते.