साडूचा फ्रिज

दुकानात त्याला सगळे थंडोबा म्हणत. एक तर तो फ्रिज दुरुस्त करायचा. दुसरं म्हणजे तो तापत नसे. गिऱ्हाईक अंगावर धावून आलं तरी हा शांतपणे फ्रिजचं दार उघडायचा, आत डोकं घालायचा आणि तिथूनच बोलायचा, "बघतो." दुकान लांबट, अरुंद. दोन्ही बाजूंना दारं काढलेले फ्रिज उभे. त्यांच्या पोटातून जुन्या रबराचा वास यायचा. मधल्या वाटेत एका वेळी एकच माणूस मावे. बावीस वर्षं तो माणूस थंडोबा होता.

घरात त्याचं फारसं काही चालायचं नाही, आणि त्याची तक्रारही नव्हती. घर बायको चालवायची. काही विचारलं तर तो म्हणायचा, "तू म्हणशील तसं." वर्षातले तीन दिवस मात्र त्याचे होते.

त्या तीन दिवसांत सगळे गाडी घेऊन तळ्याकाठी तंबूत राहायला जात. तो, बायको, मुलगी, सासूबाई आणि धाकटी मेव्हणी. तिथलं स्वयंपाकघर थंडोबाचं. त्यात दुसऱ्या कोणी हात घालायचा नाही.

प्लायवूडची एक पेटी त्याने डिकीच्या मापाने बनवली होती. पुढची फळी साखळीवर खाली सोडली की तिचा ओटा व्हायचा. आत खण. चहा-साखर डावीकडे, मीठ-मसाला उजवीकडे, पळ्या उभ्या, ताटल्या आडव्या. दोन बर्नरची शेगडी वाऱ्याकडे पाठ करून, मागे पत्र्याचा आडोसा. शेगडीपासून चार पावलांवर पाण्याचा नळवाला डबा. त्याच्याखाली दोन टब, एक साबणाचा, एक साध्या पाण्याचा. आणि सावलीत, ओल्या चादरीखाली, थंड पेटी.

थंड पेटी म्हणजे त्याचा जीव की प्राण. बाटल्यांमधून पाणी गोठवून तो तळाला रचायचा. त्यावर दूध, मग अंडी, सगळ्यात वर भाज्या. झाकणावर खडूने वेळा लिहिलेल्या. आठ, एक, पाच, आठ. दिवसातून चार वेळा पेटी उघडायची, तीही त्यानेच. मुलगी म्हणायची, "बाबा, बँक उघडली का?" मेव्हणी म्हणायची, "भाऊजी, एक टोमॅटो काढायचाय, अर्ज कुठे करू?" सगळे हसायचे. तोही हसायचा. पण तिसऱ्या दिवशीही पेटीतल्या बाटलीत बर्फाचा खडा खुळखुळायचा. तो सासूबाईंच्या कानाशी नेऊन बाटली हलवायचा. त्या म्हणायच्या, "जावईबापू, कमाल आहे हो तुमची."

हे नऊ वर्षं चाललं. दहाव्या वर्षी मेव्हणीचं लग्न झालं.

साडू चष्म्याच्या दुकानात होता. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचा, नंबर काढायचा. बोलायला गोड. हसला की समोरच्यालाही हसू यायचं. थंडोबालासुद्धा यायचं, आणि त्याचाच त्याला राग यायचा. लग्नाला चार महिने होतात न होतात तोच सासूबाई साडूला अरे-तुरे करायला लागल्या. "अरे, जेवलास का?" थंडोबाच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्याला अजून 'जावईबापू, बसा' होतं. आदर होता, नाही कसा. पण अहो-जाहोत एक खुर्ची मधे असते. साडू त्या खुर्चीवर बसलाच नाही. तो सरळ सासूबाईंच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसला.

त्या वर्षी दोन गाड्या निघाल्या. तळ्याकाठी पोचल्यावर थंडोबाने नेहमीप्रमाणे आधी वाऱ्याची दिशा पाहिली. शेगडी मांडली. आडोसा ठोकला. पेटीवर ओली चादर टाकली. सगळं जागच्या जागी लागलं. कंबर सरळ करून तो वळला, तर त्याच्याकडे कोणी बघतच नव्हतं. सगळे साडूच्या डिकीभोवती गोळा झाले होते.

डिकीत फ्रिज होता. छोटा, काळा, गाडीच्या विजेवर चालणारा. झाकणावर निळे आकडे चमकत होते.

"बर्फ बनतो?" मुलीने विचारलं.

"बनतो म्हणजे? बनलाय. हवा तेव्हा घे," साडू म्हणाला.

"हवा तेव्हा?"

"तुझाच समज."

मुलीने झाकण उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. थंडोबाच्या छातीत काहीतरी उघडबंद झालं. तासाभरात सगळ्यांच्या हातात लिंबाचं गार सरबत होतं. एक वाजला. थंड पेटी उघडायची वेळ झाली. कोणालाच त्यातलं काही नको होतं.

"बाबा, घ्या ना," मुलगी पेला पुढे करत म्हणाली. "काकांनी केलंय."

त्याने घेतलं. सरबत चांगलं होतं. ते चांगलं होतं हे त्याला सोसवेना.

दुपारी साडू त्याच्याजवळ आला. चष्मा कपाळावर सरकवलेला. "दादा, जरा बघता का? तुम्ही यातले. मी नुसता बटणं दाबतोय."

थंडोबा फ्रिजपाशी वाकला. वाकताक्षणी त्याचे हात शहाणे झाले. फ्रिज बरा होता. माल हलका, पण बरा. मागे, खाली, एक बारीक खटका होता. गाडीची बॅटरी उतरायला लागली की फ्रिज आपणहून थांबावा, यासाठी. तो खटका बंद होता. म्हणजे फ्रिज थांबणार नव्हता. तो बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत पिणार होता आणि मग दोघेही गार पडणार होते. गाडीही, फ्रिजही.

"राहील ना सकाळपर्यंत?" साडूने विचारलं.

बोट खटक्यापासून चार अंगुळांवर होतं.

"राहील की," थंडोबा म्हणाला.

"सुटलो. तुम्ही म्हणालात म्हणजे झालं."

थंडोबा शेगडीकडे परतला. बटाटे सोलायला बसला. फार तर काय होईल? दूध नासेल. गाडीला आपल्या गाडीवरून वायर लावून देऊ. उद्या सगळ्यांना कळेल, निळे आकडे म्हणजे थंडावा नव्हे. बटाट्याची साल त्याच्या सुरीखालून लांबच लांब, न तुटता निघत होती. बऱ्याच तासांनी त्याला बरं वाटलं.

तेवढ्यात सासूबाई काळा चष्मा सावरत आल्या. महिन्यापूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. थेंबांची बाटली गारच ठेवायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरून निघताना त्यांनी ती थंडोबाच्या पेटीत ठेवायला दिली होती.

"जावईबापू, तेवढी बाटली काढून द्या बरं."

"पाच वाजायला अजून..."

"अहो, तुम्ही कशाला सारखं उघडझाक करता? त्याच्या फ्रिजात ठेवते. तिथे बरी राहील."

थंडोबाच्या हातातली सुरी थांबली. सांगायची वेळ हीच होती. दोन वाक्यांचं काम. खटका बंद आहे. लावून देतो. शब्द तोंडाशी आले. मग त्याला ते 'तिथे बरी राहील' पुन्हा ऐकू आलं.

त्याने पेटी उघडली, अवेळी, आणि बाटली काढून दिली.

बायको तिथेच दोरीवर टॉवेल टाकत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. "काय झालं हो?"

"कुठे काय?"

"तोंड का असं झालंय?"

"कांदा चिरतोय."

ती बटाट्यांकडे बघून गेली.

सकाळी मेव्हणीने फ्रिज उघडला आणि ती ओरडलीच. निळे आकडे गेले होते. दूध फुटलं होतं. साडूने गाडीची किल्ली फिरवली. नुसती टकटक झाली. मग तो ना दुधाकडे वळला, ना बॅटरीकडे. थेंबांची बाटली उचलून तळहातात धरली.

"कोमट आहे," तो म्हणाला. "आई, हे आता घालायचे नाहीत. मी गावातून नवीन आणतो."

पुढचा अर्धा तास थंडोबाचा होता. त्याने वायरी काढल्या. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या केल्या. लाल कुठे, काळी कुठे, आधी कोणती. साडूची गाडी पहिल्याच किल्लीला गुरगुरली. मुलगी म्हणाली, "बाबा, भारी!" मेव्हणी नवऱ्यावर उखडली. "तुला सांगितलं होतं, घरात फ्रिजचा डॉक्टर आहे. विचारायचंस तरी!"

थंडोबा वायर गुंडाळायचा थांबला.

साडूने एकदा त्याच्याकडे पाहिलं. अगदी थोडा वेळ. "दादांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "मीच ऐकलं नाही."

आणि तो गेला.

मग सगळे थंडोबाच्या पेटीपाशी आले. दूध गार होतं. अंडी गार होती. त्याने ऑम्लेटं केली, कडा कुरकुरीत. सासूबाई हातरुमालाने डोळ्याचं पाणी टिपत होत्या. डोळा लालसर दिसत होता. "तरी मला वाटत होतं," त्या म्हणाल्या, "जावईबापूंच्याच पेटीत ठेवावी बाटली. माझीच मेलीची अक्कल."

हेच त्याला ऐकायचं होतं. कालपासून नाही, चार महिन्यांपासून. त्याने ऑम्लेटचा तुकडा मोडला. तो तसाच ताटलीत ठेवला. साडूने त्याला पाठीशी घातलं होतं. काही न मागता, काही न दाखवता. त्याच्या जागी आपण असतो तर? आपण खटका दाखवला असता, सगळ्यांना बोलावून, एकेकाला. फ्रिजपेक्षा, हसण्यापेक्षा, अरे-तुरेपेक्षा थंडोबाला आता साडूच्या त्या एका वाक्याचा हेवा वाटला. तसं वाक्य त्याच्याकडे नव्हतं.

दोन तासांनी साडू परतला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. हातात बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेली नवी बाटली. त्याने ती थंडोबापुढे धरली. "दादा, तुमच्याकडे ठेवा."

थंडोबाने हात पुढे केला नाही.

"त्याने मला विचारलं होतं," तो म्हणाला. आवाज मोठा निघाला. "काल. बॅटरीचा खटका बंद होता. मी पाहिला होता. राहील म्हणून मीच सांगितलं."

मुलगी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. "पण का, बाबा?"

"सगळे तिकडे होते," तो म्हणाला. त्याला स्वतःलाच ते उत्तर पाच वर्षांच्या पोराचं वाटलं.

साडूने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसत बसला. चष्म्याशिवाय तो फार तरुण दिसत होता. "मला हिनं सांगितलं होतं, भाऊजी फारसे बोलत नाहीत," तो म्हणाला. "म्हटलं, फ्रिज घेतला तर निदान त्यावर तरी बोलतील."

सासूबाईंनी साडूच्या हातातून बाटली घेतली. ना फ्रिजात ठेवली, ना पेटीत. ओल्या रुमालात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवली. "चहा टाका कोणीतरी," त्या म्हणाल्या. 'जावईबापू' म्हणाल्या नाहीत.

थंडोबा उठला नाही. साडूही नाही. बायको उठली. नऊ वर्षांत तिने त्या शेगडीला हात लावला नव्हता. तिने पातेलं शोधलं, पाणी ओतलं, काडी ओढली. बटण फिरेना. काडी विझली. दुसरी ओढली. थंडोबाने तोंड उघडलं.

"आधी दाबायचं ताई, मग फिरवायचं," साडू म्हणाला. "काल बघितलं मी, दादा कसं करतात ते."

शेगडी पेटली.