चौकटीतलं गोणपाट

"ऊठ रं मुडद्या! जित्ता हाइस का मेलास?"

शेजारी ओरडला की घोडेगावच्या बाजारातले बैल इकडं माना वळवत. शिवीशिवाय त्याला 'रामराम'सुद्धा घालता येत नसे. बहात्तरच्या थंडीत माझं मन असं गोठलं, की आठ दिवस मी बाहेर पडलो नव्हतो. शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, म्हणून चौकटीला गोणपाट टांगून आत पडून होतो.

त्यानं ते ओरबाडून आपल्या म्हशीच्या पाठीवर टाकलं आणि मला दंडाला धरून उन्हात बसवलं. म्हैस खूश झाली, मी नाही. रात्री मी ते परत टांगायचो, सकाळी पुन्हा हेच. पाचव्या दिवशी मात्र मी आपणहून उन्हात आलो.

"तुला कसं कळलं, गड्या?"

"गेल्या थंडीत मीबी गोनपाट लावलं हुतं," तो म्हणाला. "कुनी काढलं न्हाई."