बांधल्या हातांचं तळं

माझ्या बहिणीने नवरा निवडला तोही नावं गोळा करणारा! नकाशांच्या कचेरीत भाऊजींचं काम एवढंच: गावोगाव फिरायचं, तिथले लोक नदीला, तळ्याला, दरीला काय म्हणतात ते ऐकायचं आणि नोंदवायचं. जीप मी चालवायचो. ते थंड पाणी, मी उकळतं तेल.

त्यांचा एक हट्ट होता. एकाच्या तोंडचं नाव नकाशावर चढणार नाही, दुसरं तोंड हवं. आणि दुसऱ्याला आपण सुचवायचं नाही, त्याने ते आपणहून उच्चारायला हवं.

एका गावात मासे विकणारी म्हातारी भेटली. म्हणाली, "हे लोक निळं तळं म्हणतात ना, ते बांधल्या हातांचं तळं. माझा नवरा आणि दीर, दोघांचे हात मागे बांधून तिथे बुडवले. वखारवाल्याच्या बापाने. जंगल तोडायला नाही म्हणाले म्हणून." मग तिने भाऊजींचं मनगट घट्ट धरलं. "लिही रे बाबा. मी मेले की ते नावही मेलं."

भाऊजी दारोदार फिरले. पोस्टमन, न्हावी, शिंपी, सगळ्यांचं एकच: निळं तळं. कोणी ताकास तूर लागू देईना. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली.

"लिहून टाका की! कोण येतंय बघायला?"

"मी आहे ना," ते म्हणाले. आता या माणसापुढे काय डोकं आपटायचं!

शेवटी ते थेट वखारीत शिरले. वखारवाला फळ्या मोजून घेत होता. "निळं तळं. लिही आणि चालता हो," तो म्हणाला.

"तुमचे वडील काय म्हणायचे?"

झालं! त्याने हातातली फळी भाऊजींच्या बरगड्यांवर हाणली. ते कोसळले, तसे दोघा कामगारांनी त्यांना भुशात लोळवून लाथा घातल्या. मी जॅकचा दांडा घेऊन धावलो आणि एकाचा गुडघा फोडला. पश्चात्ताप? नाव नको! दुसऱ्याने माझं नाक फोडलं. तोवर वखारवाला भाऊजींच्या छातीवर बसून त्यांचा गळा आवळत ओरडत होता, "म्हातारीने पाठवलंय ना तुला? तुझेही हात बांधतो आणि टाकतो बांधल्या हातांच्या तळ्यात!"

कामगार जागच्या जागी थिजले. वखारवाल्याची पकड सैल पडली, तोंड पांढरंफटक. भाऊजींनी तुटलेला दात थुंकला.

"मिळालं दुसरं तोंड," ते म्हणाले.

मला वाटलं, मार डोक्याला लागला. दवाखान्यातून त्यांची छाती बांधून घेऊन निघालो, तर म्हणे आधी म्हातारीकडे चल. ती टोपल्या धूत होती.

"आजी, नाव चढणार नकाशावर. दुसरा माणूस मिळाला."

"कोण?"

"वखारवाला."

तिच्या हातातली टोपली गळून पडली. "त्या घराने म्हटलं? स्वतःच्या तोंडाने?" ती उठली आणि दोन्ही मुठींनी भाऊजींच्या छातीवर मारत सुटली. रडत होती, शिव्या देत होती, नवऱ्याला हाका मारत होती. मी तिला आवरायला पुढे झालो. भाऊजींनी हाताने मला थांबवलं. तीन बरगड्या मोडलेल्या, आणि ती दमेपर्यंत हा माणूस जागचा हलला नाही.