जहागीरदारांचं चाकांवरचं घर

मी गाडीखाली उताणा होतो, आणि माझ्या डोक्यावर, गाडीतल्या पलंगावर, आमचे जहागीरदार साहेब बुटांसकट उताणे होते. वरून आवाज आला, "मल्लाप्पा, हीच पक्की."

"साहेब, अजून खालचं बघून झालं न्हाय."

"खाली कोण झोपणार हाय?" पेशकार मुनीर मियाँ म्हणाले. पेशकार म्हणजे कागदपत्रं बघणारा माणूस. आमच्या पेशकारांचं खरं काम साहेबांच्या बोलण्यावर हसायचं होतं.

लढाई नुकतीच संपली होती. लष्करानं काढून टाकलेल्या गाड्या सोलापुरात एका कंत्राटदाराच्या आवारात उभ्या होत्या. मी साहेबांचा मिस्त्री आणि ड्रायव्हर. साहेबांच्या आई, बडी बेगम, यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरातच झालं होतं. डॉक्टरनी बजावलं होतं, "घरी न्याल तेव्हा आडवं न्या. धक्का बसला तर डोळा जाईल." आमची हवेली तुळजापूरचा घाट चढून पलीकडं. म्हणजे झोपून जाता येईल अशी एक गाडी हवी होती. साहेबांनी त्यासाठी फिरतं घरच घ्यायचं ठरवलं.

साहेब पडले होते ते घर झकास होतं. लॉरीच्या सांगाड्यावर कुणा बड्या अधिकाऱ्यासाठी बांधलेलं. पुढं दिवाण आणि आरसा, मधे स्टोव्हचा ओटा, पार मागं पलंग, पलंगाखाली पाण्याची टाकी.

खालून मला वेगळंच दिसलं. मागच्या चाकांच्याही मागं बॉडी चार हात लोंबत होती, आणि पलंग, टाकी, सगळं वजन त्या लोंबत्या भागात. टाकी भरली की मागची बाजू दबणार, पुढची चाकं हलकी पडणार, आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळणार न्हाय. शिवाय धक्का सगळ्यात जास्त तिथंच बसतो.

शेजारी एक ॲम्ब्युलन्स होती. बुटकी, मळकी. पण पलंग पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध, आणि पाटे, म्हणजे स्प्रिंगा, मऊ.

"ही घ्या," मी म्हणालो.

"आमची अम्मी मुडद्यांच्या गाडीतनं येणार?"

"साहेब, हिच्यातनं जखमी न्यायचे. मुडद्यांना मऊ पाटे कशाला लागतात?"

साहेब तापले. "तू नटबोल्ट बघ. घर आम्ही बघतो."

"मग टाकी भरून घाटात नेऊन बघू. तुम्ही पलंगावर पडा."

"आणि नीट गेली, तर उद्यापासनं तू कामावर येऊ नको."

घाटाच्या दुसऱ्या वळणावर भरल्या टाकीनं मागची बाजू दबली. मी स्टिअरिंग पार फिरवलं. गाडी सरळ कठड्याकडं निघाली. ब्रेक दाबला. कठडा हातभर राहिला. मागं कपाट उघडून कपबशा साहेबांच्या अंगावर आल्या, आणि पेशकार दिवाणाखाली गेले.

"तुला गाडी चालवता येत न्हाय!" साहेब ओरडले.

"तुम्ही बसा."

ते बसले. पुढच्या वळणावर त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं. गाडीनं ऐकलं न्हाय. हुकूम न मानणारं काही त्यांनी जन्मात पहिल्यांदाच बघितलं असावं. कसाबसा ब्रेक लागला. मग पेशकार कपडे झटकत म्हणाले, "हुजूर, दोष गाडीचा न्हाय, वळणांचा हाय. घाट सरळ करायची अर्जी करू का?"

साहेबांनी यावर खरंच विचार केला.

शेवटी त्यांनी दोन्ही गाड्या घेतल्या. घर स्वतःसाठी, ॲम्ब्युलन्स "सामानासाठी". घर मी आधी टाकी रिकामी करून, पलंग काढून, बैलगाडीच्या चालीनं वर चढवलं. मग परत जाऊन बडी बेगमना सामानाच्या गाडीतनं आणलं. अख्ख्या घाटात त्या घोरत होत्या. त्या घोरण्याइतकं गोड मी काही ऐकलेलं न्हाय.

पुढं पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा आला. बेगमसाहेबांना अंगणातलं ते धूड दिसलं. तोवर त्याच्यात पेशकारांचं दफ्तर थाटलं होतं.

"ये क्या है?" त्यांनी विचारलं.

"घर है, अम्मीजान," साहेब म्हणाले.

"तो फिर इसकू पहिए कायकू?"

त्या दिवशी पेशकारांनाही हसता येईना.

पुढं पुष्कळांनी मला गाडी पसंत करायला नेलं. मी आधी एवढंच विचारायचो, तुमचं ठरलंय का? ठरलं असंल, तर टायरमधली हवा बघायचो आणि गप बसायचो.