जास्त फिरलेला ड्रम

माझी आत्या गोळ्यांच्या कारखान्यात मिश्रण करायची आणि घरी आमचं डोकं खायची. कुणी तापाची गोळी काढली की हिची टकळी सुरू. "अगं, यात औषध चिमूटभर. बाकी सगळी माझी माणसं. दुधातली साखर गोळीला आकार यावा म्हणून, स्टार्च पोटात फुगून गोळी फुटावी म्हणून, आणि ती निसरडी पूड, मशीनला चिकटू नये म्हणून." औषधाचं नाव मात्र हिला कधी आठवायचं नाही.

मिश्रणाचा ड्रम तिने भांडून मिळवलेला. बायकांनी पॅकिंगच करायचं, असा तिथला शिरस्ता. हिने साहेबांच्या मागे लागून लागून तो मोडला. स्थळं आली की म्हणायची, "माझं ड्रमशी जमलंय."

ड्रमच्या शेजारच्या खोलीत मशीनने गोळ्या पाडणारा एक जण होता, त्याला सगळे घुम्याच म्हणत. त्याचा मशीनवर भारी जीव, आणि बोलणं 'हो'-'नाही'पुरतं. एका दुपारी आत्याने शेवटची निसरडी पूड टाकली. आता दोन-तीन मिनिटं फिरवलं की झालं. तेवढ्यात घुम्या दारात येऊन म्हणाला, "माझ्याशी लग्न कराल?"

आत्या चाट पडली, आणि मग जी बोलत सुटली! मला स्वयंपाक येत नाही, मी घोरते, माझ्या रागाला औषध नाही. घुम्या ऐकतोय, ड्रम फिरतोय, आणि उत्तराचा पत्ताच नाही.

गोळ्या पडल्या अगदी देखण्या. पण तपासणीत पाण्यात टाकल्या, तर विरघळायचं नाव नाही. ती पूड जास्त फिरली की कणाकणावर चढून बसते आणि पाण्याला आत शिरू देत नाही. सगळा माल फुकट गेला.

साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. "इतका वेळ करत काय होतात?"

"लग्नाचं बोलत होतो," आत्या म्हणाली. खोटं तिला जमतच नाही.

तपासणीवाल्या बाई रुमालात तोंड खुपसून हसायला लागल्या. साहेब हसले नाहीत. "तुम्ही दोघं शेजारी नकोत. बाई, उद्यापासून तुम्ही पॅकिंगला."

आत्याचं अवसानच गळालं. तिला शब्द सुचेना, हे आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडलं असेल.

तेव्हा घुम्या बोलला. "ड्रम त्यांच्याकडेच राहू दे. विचारायला मी गेलो होतो. मशीन मी सोडतो, मला पाठवा खोकी भरायला."

आत्या रडायला लागली, आणि रडता रडता साहेबांच्या देखतच त्याला हो म्हणाली.