आठ दिवस कप ठेवू नका

त्यांचं खरं नाव फक्त बायकोला आणि वीजबिलाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचे ते आरसेबुवा. लाकडी सामानाला हाताने लाखेचं पॉलिश करून देणं हा त्यांचा धंदा, आणि हे नाव ठेवलं एका चांगल्या भरभक्कम वकिलीणबाईंनी. बुवांनी त्यांचं जेवणाचं टेबल असं काही चमकवलं की बाईंना त्यात स्वतःची दुसरी हनुवटी दिसली. त्यानंतर कितीतरी दिवस बाई टेबलावर चादर अंथरून जेवत होत्या म्हणतात. खरंखोटं ती चादर जाणे.

बुवांना माणसांच्या आधी त्यांची टेबलं ओळखू यायची. कुणाच्या घरात शिरले की नमस्कार नंतर, पहिल्यांदा तळहात टेबलावर. टेबलाची एकच कड झिजलेली दिसली की संध्याकाळी घरी येऊन सांगायचे, त्या घरात नवराबायको एका वेळी जेवत नाहीत. बायको पोहण्याच्या तलावाच्या तिकीट-खिडकीत बसायची. तिच्याकडे दुसऱ्या बाजूची बातमी असायची, की त्याच घरातले साहेब पोहायला कुणाबरोबर येतात. दोन्ही बातम्या एकमेकींना जोडल्या की साधी आमटीसुद्धा चविष्ट लागायची.

काम संपलं, हात धुतले, बोळे-बाटल्या पिशवीत गेल्या की दारात उभं राहून बुवा एक बोट वर करायचे. मग ते ठरलेलं बोलणं. "आठ दिवस कप ठेवू नका. गरम तर नाहीच नाही. वरून कोरडं दिसतं, पण आत अजून कच्चं असतं. वाफ लागली की धरून ठेवतं." गिऱ्हाइकाने मान हलवली तरी ते पुन्हा म्हणायचे. त्यांची एकुलती एक मुलगी लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर कामावर जायची. तिला ते सगळं पाठ होतं. घरी पाहुणे आले की हातात उलटा चमचा धरून, आवाज जाड करून ती बापाची नक्कल करायची, "गरम तर नाहीच नाही!" आणि बुवा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे.

या मुलीला घरात शिट्टी म्हणत. पुढचे दात पडले तेव्हा फटीतून वारा घालून ती दिवसभर शिट्ट्या मारायची, म्हणून. पुढे शाळेत क्लॅरिनेट शिकवायला एक बाई आल्या आणि शिट्टीला वाऱ्याचा खरा उपयोग सापडला. बुवांनी वाद्यांच्या दुकानातून शिकाऊ मुलांसाठी असतं तसं क्लॅरिनेट आणून दिलं. काळं, हलकं, प्लॅस्टिकचं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर सुरुवातीला काठीने जमीन ठोकायचे. मग एके दिवशी ठोकायचे थांबले. शिट्टीच्या आईने त्यांना जिन्यात गाठून तब्येत विचारली. तब्येत ठणठणीत होती. मास्तर ऐकत बसलेले असायचे.

आता प्लॅस्टिक म्हटलं की बुवांच्या नाकाला मिरच्या झोंबत. लोक लाकडाला पाठ दाखवून लॅमिनेट डकवू लागले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात उभ्या करू लागले, तिथून बुवांचा धंदा आटत गेला होता. आणि आपल्याच पोटची पोर आपल्याच घरात रोज संध्याकाळी प्लॅस्टिक तोंडात धरून बसते, हे त्यांना फार लागायचं. शिट्टीला त्याचं काहीच नव्हतं. तिने त्या क्लॅरिनेटच्या एका कळेवर नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता. पेटी उघडली की आधी त्या ठिपक्यावर अंगठा ठेवायची, मग पुढचं.

क्लॅरिनेटच्या बाई एकदा घरी आल्या. शहरातल्या तरुण मुलांच्या वाद्यवृंदासाठी शिट्टीने निवडचाचणी द्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथे मोठमोठे लोक शिकवतात, गावोगाव नेतात, आणि पुढे त्यातल्याच मुलांना संगीताच्या कॉलेजात जागा मिळते. वयाची अट होती, शिट्टीचं हे शेवटचं वर्ष. यंदा नाही तर कधीच नाही. बाई जाता जाता सहज म्हणाल्या की घाई नाही, याच्यावरही ती छान वाजवेल, पण पुढेमागे चांगलं लाकडी क्लॅरिनेट बघा, सूर जास्त भरीव येतो. एवढ्या लांबलचक वाक्यातला एकच शब्द बुवांच्या कानात शिरला. लाकडी.

दुसऱ्या दिवशी ते वाद्यांच्या दुकानात हजर. दुकानदार मोठा बेरकी माणूस, गिऱ्हाईक काय बघतंय यापेक्षा ते कशाकडे बघायचं टाळतंय हे हेरणारा. त्याच्याकडे मागच्या खोलीत जुने पियानो धूळ खात पडले होते, अंगावर ओरखडे, पांढरे डाग. सौदा ठरला. बुवांनी पियानो नवे दिसतील असे करून द्यायचे, त्याने शोकेसमधलं लाकडी क्लॅरिनेट द्यायचं, आणि बुवांनी प्लॅस्टिकचं जुनं वर टाकायचं. जुनं देण्याबद्दल शिट्टीला कुणी विचारलं नाही. आईने एकदा म्हणून पाहिलं की राहू दे की घरात, कुठे खायला मागतंय. बुवा म्हणाले, "लाकूड आल्यावर प्लॅस्टिक कशाला पाहिजे?"

उन्हाळाभर ते दुकानाच्या मागच्या खोलीत घाम गाळत होते. कापसाचा बोळा, स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, हात गोल गोल फिरतोय. पियानो असे उजळले की दुकानदाराने ते पुढे आणून ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला की परदेशातून मागवलेत. बुवांनी ते ऐकलं आणि खूश झाले. त्यांच्या डोक्यात तेव्हाच एक गोष्ट पक्की बसली. वाद्य असो की टेबल, लाकूड ते लाकूड.

लाकडी क्लॅरिनेट घरी आलं. शिट्टीने ते हातात घेतलं, वजन पाहिलं, एक लांब सूर काढला आणि थांबली. पुन्हा काढला. जुन्याची आठवण तिला येत असणार, पण तो सूर तिने तिसऱ्यांदा काढून पाहिला. बाईंनी बजावलं होतं की सुरुवातीला थोडंथोडंच वाजव, लाकडाला सवय होऊ दे. शिट्टी तसंच करायची. आतून फडकं फिरवून कोरडं करायची, झोपवल्यासारखं पेटीत ठेवायची. बुवा कौतुकाने बघायचे. पण त्यांच्या डोळ्यांना एक गोष्ट खुपायची. त्या लाकडाला चमक नव्हती. कोरडं, मंद काळं. दुकानातले पियानो कसे झळकत होते, आणि पोरीच्या हातातलं असं आजारी! ते शिट्टीला म्हणाले, जरा हात मारू का? ती म्हणाली, नको बाबा, असंच असतं हे. बुवांनी मान हलवली. गिऱ्हाईक नको म्हणतं तेव्हा त्याला काय हवंय हे आपल्याला कळतं, असा त्यांचा आयुष्यभराचा समज होता.

निवडीच्या आदल्या दिवशी बाईंनी शिट्टीला वाजवायला बंदी केली. ओठांना सुट्टी. ती आईबरोबर तलावावर गेली आणि बुवा घरी पेटीसमोर बसले.

काम त्यांनी फार सुंदर केलं, हे कबूल करायलाच हवं. कळा एकेक सोडवून वर्तमानपत्रावर त्याच क्रमाने मांडल्या. कळांखालच्या मऊ गाद्यांना बोट लागू दिलं नाही. पातळ हात, मग दुसरा, मग आणखी. भोकांच्या कडा कोरड्या राहू नयेत म्हणून बारीक काडीला कापूस गुंडाळून त्याही चमकवल्या. कळा परत बसवल्या, एकही स्क्रू उरला नाही. बोट लावून पाहिलं, कोरडं. त्यात त्यांना आपला चेहरा दिसला, लांबुळका आणि हसणारा.

सकाळी पेटी शिट्टीच्या हातात देताना म्हणाले, "तिथे गेल्यावरच उघड हं. गंमत आहे." आईने विचारलं, कसली गंमत? बुवा मिशीत हसले. स्पिरिटचा वास तिला आला असणारच, पण त्या घरात स्पिरिटचा वास म्हणजे भिंतीच्या रंगासारखा, रोजचाच.

निवड एका जुन्या सभागृहात होती. बाहेर लांब पॅसेज, भिंतीला टेकून खुर्च्या, खुर्च्यांवर आयाबाप. परीक्षक पडद्याआड बसत, कोण वाजवतंय ते त्यांना दिसू नये म्हणून. शिट्टीचं नाव पुकारल्यावर तिने पेटी उघडली. आतलं क्लॅरिनेट चकचकत होतं. मग वर बापाकडे पाहिलं. बुवा भुवया उडवून हसत होते. तिने क्लॅरिनेट जोडलं, जोडताना जरा जोर लावावा लागला, आणि ती आत गेली. दार बंद झालं.

शेजारी एक पोट सुटलेले बेकरीवाले बसले होते, मुलाला घेऊन आलेले. बुवा त्यांना सांगू लागले की आमच्या मुलीचं अस्सल लाकूड आहे, तुमचं? बेकरीवाले ओशाळून म्हणाले, प्लॅस्टिकच आहे हो, तेही जुनं घेतलेलं. बुवांनी त्यांच्याकडे अशा काही दयेने पाहिलं की बिचाऱ्यांनी पोट आत ओढून घेतलं.

आतून संथ चालीचा भाग सुरू झाला. तो सूर त्या बंद दारातून असा आला की पॅसेजमधली कुजबूज थांबली. एका आईने विणकाम मांडीवर ठेवलं. बुवांनी डोळे मिटले. हे लाकूड, हे आपलं लाकूड.

मग जलद भाग आला, आणि बुवांना एक आवाज ऐकू आला. चट्.

बारीकसा. दुसऱ्या कुणाला कळलाही नसेल. पुन्हा, चट्. मग सूर एका जागी अडला, कळ दाबलीच राहावी तसा. चट् चट्. बुवांचे डोळे उघडले. हा आवाज ओळखायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. कच्च्या पॉलिशवर ठेवलेला गरम कप उचलला की असाच आवाज होतो. पोरीच्या गरम श्वासाने लाख मऊ झाली होती आणि प्रत्येक भोकाच्या कडेला, त्यांनी काडीने चमकवलेल्या प्रत्येक कडेला, गादी धरून ठेवत होती.

ते उठले. दारापाशी गेले. मुठीला हात घातला आणि तिथेच उभे राहिले. आत शिट्टी थांबली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली. मग पडद्यामागून कुणीतरी फार नम्रपणे "धन्यवाद" म्हणालं.

दार उघडलं. शिट्टी रडत नव्हती. रडली असती तर बुवांना काहीतरी करता आलं असतं. तिने खुर्चीवर बसून क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करायला घेतले, ते सुटेनात, म्हणून तसंच पेटीवर आडवं ठेवलं. चकचकीत अंगावर जागोजागी पांढरट धुकं धरलं होतं. बुवा म्हणाले, "मी आत जाऊन सांगतो त्यांना. माझी चूक आहे, सांगतो."

शिट्टी त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आठ दिवस, बाबा. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

उलटा चमचा धरून ती म्हणायची, तेच हे शब्द होते. आवाज मात्र तिचा स्वतःचा होता.

बुवा आत गेले. पडद्यामागच्या लोकांनी ऐकून घेतलं, हळहळलेही. म्हणाले, सगळ्यांना एकदाच संधी, नियम आहे. बाहेर आले तर बेकरीवाल्यांचा मुलगा आपलं क्लॅरिनेट जोडत होता. बुवांनी मान दुसरीकडे वळवली, पण त्याआधी त्यांची नजर त्या कळेवर गेली होती. लाल ठिपका. दुकानदाराने पुसायचीही तसदी घेतली नव्हती. शिट्टीलाही तो दिसला. ती त्या मुलाला म्हणाली, "खालची कळ हळू दाब, ती जरा लवकर बोलते." मुलगा आत गेला. निवडला गेला.

घरी शिट्टीच्या आईने सगळं ऐकलं आणि एकच वाक्य म्हणाली, "टेबल समजलात का हो पोरीला?" मग ती तलावावर निघून गेली, आणि त्या रात्रीपासून जेवताना कुणाच्या घरची बातमी निघेनाशी झाली.

दुरुस्तीवाल्याने क्लॅरिनेट नीट करून दिलं. लाख उतरवली, गाद्या बदलल्या. लाकडाला काहीही झालेलं नव्हतं, सूर पहिल्यासारखा भरीव. बुवांनी ते शिट्टीसमोर ठेवलं. ती म्हणाली, छान झालंय. पेटी बंद करून तिने ती कपाटावर ठेवली आणि पुढच्या वर्षी दातांच्या दवाखान्यात, पेशंटना आत पाठवायच्या टेबलाशी नोकरी धरली. बापाशी ती चांगली वागते. औषधं आणून देते, चहा करून देते. बुवांना वाटतं एकदा भांडावी. ती भांडत नाही. वरचे पोस्टमास्तर अधूनमधून काठीने जमीन ठोकतात. खालून उत्तर जात नाही.

बुवा अजून कामाला जातात. हात तसाच आहे, चेहरे तसेच दिसतात. पण काम संपल्यावर ते दारात थांबत नाहीत. हात धुतात, पिशवी उचलतात, चालू लागतात. लोक दुसऱ्याच दिवशी चहा घेऊन टेबलाशी बसतात आणि कप उचलला की खाली पांढरं कडं राहिलेलं असतं. मग बोलावणं येतं. परवा त्या वकिलीणबाईंकडूनही आलं. बुवा गेले, बोळा काढला, त्या कड्यावर हात गोल गोल फिरवू लागले.

बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो बुवा, पूर्वी बोट वर करून डोकं खायचात. या वेळी निदान सांगायचं तरी!"

"हो," बुवा म्हणाले, आणि घासत राहिले.